विहिरीत भिजत घातलेल्या सहा लिली

१

प्लास्टर कालवताना पाण्यात प्लास्टर टाकायचं असतं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नसतं. पहिल्या दिवशी आमचे जुने कारागीर भाऊराव यांनी मला एवढंच शिकवलं. बाकीचं मी बघून बघून शिकलो. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची शेड आहे. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी आम्ही नमुने बनवतो: माणसाचा कान, डोळा, हृदयाचे चार कप्पे, पोट फाडलेला बेडूक. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. तेव्हापासून इथेच आहे. दिवसभर काम केलं की केस, भुवया, बाह्या सगळं पांढरं होतं. घरी गेलो की विनी, माझी बहीण, दारातच फडक्याने मला झटकायची आणि म्हणायची, "आला आमचा पुतळा."

१९६९ च्या जानेवारीत एका कॉलेजातल्या रत्नप्रभाबाई शेडवर आल्या. त्या प्राणिशास्त्र शिकवत. बरोबर काचेची एक बरणी होती. स्पिरिट हळदीसारखं पिवळं झालं होतं आणि त्यात सहा लांब दांड्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला मिटलेली मूठ.

"ही फुलं नाहीत," बाई म्हणाल्या. "ह्यांना सी लिली म्हणतात, पण हा प्राणी आहे. हजार वाव खोल पाण्यातून, एका जहाजाच्या जाळ्यात आलेत. मला सहा मॉडेल्स हवीत, उघडलेली, हात पसरलेली."

मी मान हलवली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्या माझ्याशी सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलल्या, आणि मला ते आवडलं.

त्यांनी भिंग दिलं. दांडी म्हणजे एकावर एक ओवलेले मणी होते, प्रत्येक मण्यावर पाच पाकळ्यांची नक्षी. कोणी बसून कोरली असती तर वर्ष गेलं असतं. वर वाटीएवढं शरीर. त्यातून पाच हात फुटतात, पाचाचे दहा, दहाचे वीस, आणि प्रत्येक हाताला पिसासारखे बारीक केस. डोळे नाहीत. मेंदू नाही. हात तुटला तर दुसरा येतो.

"मग हे खातात काय?" भाऊरावांनी विचारलं.

"वरून पडेल ते. समुद्रात वरचं सगळं मरून, कुजून, पीठ होऊन खाली येत असतं. रात्रंदिवस. तळावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. ह्या तिथे उभ्या असतात. प्रवाहाकडे पाठ करतात, हात मागे वाकवून सुपासारखे पसरतात, आणि जे पडेल ते केसांनी धरून तोंडाकडे नेतात. माणूस जन्माला यायच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हेच चाललंय."

"म्हणजे आमच्या मालकासारखं," भाऊराव म्हणाले. "बसल्या जागी सगळं तोंडात."

बाई हसल्या. जाताना म्हणाल्या, "सहाच्या सहा परत हव्यात. पुन्हा मिळणार नाहीत."

२

नमुन्यात स्पिरिट राहिलं तर साच्यावर फोड येतात. म्हणून आधी तो रात्रभर गोड्या पाण्यात भिजवावा लागतो, आणि पाणी भरपूर लागतं. इस्टेटच्या नळाला तेव्हा दिवसातून पाऊण तास पाणी यायचं.

आमचं घर गावठाणात, शेडपासून दहा मिनिटांवर. घरामागे विहीर आहे. सात-आठ घरं तिचंच पाणी पितात. त्या आठवड्यात रविवारी विनीचं लग्न होतं. अंगणात मांडव पडला होता आणि पाहुण्यांसाठी आणलेल्या बाटल्या गार व्हाव्यात म्हणून आयने करंडीत घालून विहिरीत सोडल्या होत्या. आमच्याकडे सगळे तसंच करतात. ते पाहूनच मला सुचलं. मंगळवारी संध्याकाळी मी सहा लिली दुसऱ्या करंडीत घातल्या, झाकण सुतळीने बांधलं आणि बाटल्यांशेजारी सोडून दिल्या.

"ते काय सोडलंस रे?" आयने ओट्यावरून विचारलं.

"कामाचं आहे."

"वास यायला नको हां पाण्याला. नवरदेवाची माणसं मुलुंडहून येतील, पाण्याला नावं ठेवतील."

"नाही येणार. नुसत्या काड्या आहेत."

विनी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "माझ्या लग्नात काय काय भिजत घालशील, मार्कस? प्लास्टर नको घालू म्हणजे झालं, सगळे पाहुणे इथेच चिकटतील."

ती असं सारखं बोलायची. वडील गेल्यानंतर घरात कोणी हसायला सुरुवात केली असेल तर तिनेच. ती सुखात जावी, एवढंच मला हवं होतं.

३

बुधवारी सकाळी करंडी वर ओढली. सुतळीची गाठ माझीच होती, तशीच होती. आत पाच होत्या.

मी करंडी उलटी केली, बोट घालून कडा चाचपल्या. कुठे फट नव्हती. फट असती तरी वीतभर लांबीची दांडी त्यातून जायची नाही.

मग मला दुसरी गोष्ट दिसली. मिटलेल्या मुठी उघडल्या होत्या. पाची जणींचे हात मागे वाकून सुपासारखे पसरले होते, केस न् केस सुटा. इतकं सुंदर काही मी हातात धरलं नव्हतं. फिकट पिवळी, कडेला जांभळट अशी ती पिसं पाण्याबाहेरही तशीच ताठ होती. आणि पाची जणींची तोंडं एकाच बाजूला होती. करंडीत मी त्या उलटसुलट, कशाही टाकल्या होत्या.

मी स्वतःला सांगितलं: सुकलेली गोष्ट पाण्यात फुगते, सुटते. खारीक नाही का फुगत. आणि विहिरीला झरा आहे, झऱ्याने त्या एका बाजूला वळल्या असतील.

जवळ झेंडूच्या माळांचा ढीग होता. त्यातली एक पाकळी तोडून पाण्यात टाकली. वाट पाहिली. पाकळी जिथे पडली तिथेच राहिली.

मागून विनी आली, घागर भरली, गेली.  आत जाऊन त्याच पाण्याचा चहा प्यायलो.

४

शेडमध्ये पाच लिली मी साध्या पाण्याच्या बरणीत उभ्या केल्या, प्रत्येक दांडी काचेच्या पट्टीला दोऱ्याने बांधून. त्यांची तोंडं खिडकीकडे होती. खिडकी पश्चिमेला आहे. मला साच्यासाठी तोंडं समोरून हवी होती म्हणून मी बरणी अर्धी फिरवली. बरणीवरची बाईंची चिठ्ठी भिंतीकडे गेली.

जेवून आलो. चिठ्ठी भिंतीकडेच होती. लिलींची तोंडं खिडकीकडे होती.

दोरे पाहिले. सैल नव्हते, पण पीळ पडला होता.

"भाऊराव, बरणी कोणी हलवली?"

"इथे तू न् मी. मी कानात रंग भरतोय सकाळपासून."

मी खिडकीला गोणपाट लावलं. त्यांना डोळे नसतात हे मला माहीत होतं, पण उजेडाचं कारण असेल तर जावं म्हणून. पुन्हा बरणी फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून डोळ्याचं मॉडेल घासायला बसलो. अर्ध्या तासाने भाऊराव ब्रश धुवायला उठले, बरणीपाशी थांबले. बराच वेळ थांबले.

"मार्क्या," ते म्हणाले, "मी चष्मा घालत नाही. मला काही दिसलं नाही. समजलं?"

"समजलं."

"भांडुपला मी चाळीत राहतो. बायको आहे, तीन पोरी आहेत. मला काही दिसलं नाही."

"भाऊराव, एक विहिरीतच राहिली आहे."

ते ब्रश झटकत राहिले. "काढ," शेवटी म्हणाले. "आणि ते पाणी कुणी पिऊ नका. स्पिरिट होतं म्हणून सांग. पटेल लोकांना."

मला तेव्हा भीती वाटायला हवी होती. ती जिथून येते तिथे मी जणू हात लावून पाहिला. तिथे काही नव्हतं. दात काढल्यावर हिरडी बधिर राहते तसं.

५

गळ टाकून बुधवारी, गुरुवारी विहीर चाळली. एक जुनी कळशी वर आली, दुसरं काही नाही.

शुक्रवारी रत्नप्रभाबाई काम कुठवर आलं ते पाहायला आल्या. बरणीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्या उघडल्या कशा?"

"पाण्यात भिजवल्या."

"स्पिरिटमध्ये मेलेलं उघडत नाही, मार्कस. मी बारा वर्षं पाहते आहे." त्या वाकून पाहत राहिल्या. मग मोजल्या. "सहावी?"

"मोडली."

"तुकडे?"

 नोकरी गेली असती तर लग्नाच्या तोंडावर आयला काय सांगितलं असतं, हा विचार तेव्हा मनात होता. मोठा होता. आता तो मोठा वाटत नाही.

"मण्यांतला एक जरी सापडला तरी ठेवा," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "बरणीत पाणी वाहतं ठेवलंय का? नळी वगैरे?"

"नाही."

"मग ह्यांनी पाठ कशाकडे केली आहे?" त्या पुटपुटल्या, उत्तराची वाट न पाहता गेल्या.

त्यांच्या मागे मी पूर्वेच्या भिंतीकडे पाहिलं. रिकामी भिंत, त्यावर खिळ्याला टांगलेला माझा डबा.

६

आमच्या गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, वाजतगाजत विहिरीवर जातात, विहिरीला तिचा वाटा म्हणून तांदूळ आणि दारूचे चार थेंब देतात आणि घागरी भरून आणतात. दुसऱ्या दिवशी नवरी त्या पाण्याने न्हाते. त्याशिवाय लग्न लागत नाही असं म्हटलं तरी चालेल.

मी ठरवलं होतं. मॉनिका मावशी, विनीची धर्ममाता, तिची घागर पाण्याला लागायच्या आधी मी म्हणणार होतो: थांबा, ह्या पाण्यात माझ्या कामाचं औषध पडलंय, बावडीपाड्याच्या विहिरीवरून आणू. वाक्य तयार होतं. दिवसभर शेडमध्ये घोकलं होतं.

शनिवारी दिवेलागणीला सगळ्या जणी विहिरीला वेढा घालून उभ्या राहिल्या. घुमट, कातड्याने मढवलेलं मडकं, वाजत होतं. मी कठड्याजवळ उभा होतो. बायकांमध्ये मी एकटाच पुरुष, म्हणून सगळ्या माझ्याकडे पाहून हसायला लागल्या.

"ह्याला काय हवं इथे?" एक म्हणाली.

"ह्याला न्हायचंय. पुतळा विरघळेल बरा."

"मावशी," मी म्हणालो.

"काय रे पोरा?"

चाळीस चेहरे माझ्याकडे वळले. विनी मांडवाच्या दारातून माझ्याकडे पाहत होती.  मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. मग वाजवणाऱ्या बाईने पुन्हा थाप मारली आणि मावशीने मला हाताने बाजूला केलं.

घागर खाली गेली. बुडल्याचा आवाज आला नाही. दोर हातातून सरत राहिला, सरत राहिला. आमची विहीर मे महिन्यात साफ करताना मी उतरलेलो आहे, तळापर्यंत अकरा हात दोर लागतो. मावशीच्या हातून तेवीस गेला. ती गाणं म्हणत होती, तिच्या लक्षात आलं नाही.

घागर वर आली ती काठोकाठ भरलेली होती.

७

रविवारी सकाळी विनीला न्हाऊ घातलं. नंतर केस सुकेपर्यंत ती परसदारी बसली. मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती पाटावर होती, पाठ पूर्वेच्या उन्हाला. दोन्ही हात वर करून कोपरातून मागे वाकवलेले. बोटं पसरलेली, उलटी वळलेली, जितकी वळतात त्याच्यापेक्षा थोडी जास्त.

"विने, काय करतेस?"

"बसलेय."

"हात दुखतील."

"नाही रे दुखत. काहीच होत नाही." तिने एका हाताचं बोट तोंडाला लावलं, चाटलं, पुन्हा वर नेलं. बोटावर काहीतरी पांढरं होतं. पीठ असेल. घरात चार दिवस तांदळाच्या भाकऱ्या चालल्या होत्या, सगळीकडे पीठच होतं.

"चल ना, गाडी येईल," मी म्हणालो.

"तू पण बस."

मी तिच्या शेजारी बसलो. मला वाटतं दोन मिनिटं. आयने येऊन दोघांना उठवलं तेव्हा चहावर जाड साय धरली होती आणि ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं होतं.

चर्चमध्ये सगळं नीट झालं. पाद्रींनी विचारल्यावर विनीने हो म्हटलं. सेबॅस्टियन, तिचा नवरा, उंच, मोकळा माणूस. तो भांडुपच्या कारखान्यात फिटर आहे. अंगठी घालताना त्याचे हात थरथरत होते, विनीचे नव्हते. तिने एकही विनोद केला नाही. बायका म्हणाल्या, नवरी लाजली.

बाहेर फोटोवाल्याने सगळ्यांना पायऱ्यांवर उभं केलं. तो सारखा ओरडत होता, "मुलीकडचे, इकडे बघा. इकडे, माझ्याकडे. अरे तिकडे काय ठेवलंय?"

मी त्याच्याकडेच बघत होतो. मला चांगलं आठवतं.

८

सोमवारी दुपारी मी आरसा घेतला. विहिरीत भांडं पडलं की आम्ही उन्हाचा कवडसा आरशाने आत टाकतो, तळ दिसतो. विनीचा आरसा ती इथेच विसरली होती.

अंगावर लग्नातला नवा सदरा होता. शेडमध्ये मी शनिवारनंतर गेलो नव्हतो. हे सांगतो कारण नंतर ते महत्त्वाचं आहे.

कवडसा पाण्यावर पडला आणि पाण्यातून खाली गेला. दगडी भिंतीवरून खाली. अकरा हात मला ओळखू आले. कोनाडे, पिंपळाचं मूळ. त्याच्या खालीही भिंत होती. नव्हे, ती भिंत नव्हती. मी हात स्थिर धरला. फिकट पिवळं, कडेला जांभळट, एकाला एक लागून, गोल, खालपर्यंत. मण्यांच्या दांड्या. सगळी तोंडं पश्चिमेला. आणि त्यांच्यामध्ये आणखी जे उभे होते त्यांना दांड्या नव्हत्या. त्यांना लुगडी होती.

कवडशात बारीक पांढरं काहीतरी सावकाश खाली जात होतं. थांबत नव्हतं. मला वाटलं ते पाण्यात आहे. मग कळलं की ते माझ्या खांद्यावरून जातंय. मी वर पाहिलं. निळं, मोकळं आभाळ होतं. बाहीवर पाहिलं. नव्या सदऱ्याच्या बाहीवर पांढरा थर होता. प्लास्टर बोटांत चोळलं की खरखरतं. हे खरखरलं नाही.

मी आरसा खाली ठेवला. विहिरीवर फळी टाकावी असं मनात आलं. मग वाटलं, आय पाणी कुठून काढील. मी घरात गेलो. घरात आय पश्चिमेच्या दाराकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या बाजूला बसलो.

९

तीन आठवड्यांनी सेबॅस्टियन एकटाच आला. हातात फोटोंचं पाकीट होतं. मी त्याला ओट्यावर बसवलं.

फोटो स्वच्छ निघाले होते. पायऱ्यांवर उजवीकडे मुलुंडची माणसं, सगळी कॅमेऱ्याकडे बघत, हसत. डावीकडे आम्ही. आय, मावशी, शेजारपाजारची पोरं, कडेवरचं तान्हं. सगळ्यांचे चेहरे एकाच बाजूला, एकाच कोनात. मी दुसऱ्या रांगेत होतो. मीही.

"मार्कस," सेबॅस्टियन म्हणाला, "तुझ्याशी बोलायचं होतं. आयला सांगू नकोस."

"बोला ना."

"विनी काही करत नाही यार. म्हणजे सांगितलं तर करते. नाहीतर खाटेवर बसून असते, हात असे करून. मी खाट फिरवली, ती फिरून बसली. जेवत नाही, पण वाळतही नाही. रडत नाही. माझी आई म्हणते पोरीला काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखव, आपल्याकडे नको ठेवू, माहेरी पाठव थोडे दिवस. मी म्हटलं आधी विचारतो." त्याने घाम पुसला. मुलुंडहून सायकलवर आला होता. "मला ती हवी आहे. आमच्याकडे सगळे हसतात मला. मला फक्त एवढं सांग, ती आधीपासून अशी होती का? का इथे काही झालं?"

इथे दोघंच होतो. चाळीस चेहरे नव्हते. त्याने विचारलं होतं, मला फक्त उत्तर द्यायचं होतं. इथलं पाणी तिला पुन्हा देऊ नका, तिला इथे आणू नका, दूर कुठेतरी घेऊन जा. वाक्य तयार होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल होते, त्याला झोप नव्हती, तो घाबरला होता. किती दिवसांनी मी घाबरलेलं माणूस पाहत होतो. मला त्याचं नवल वाटलं, एखाद्या मॉडेलचं वाटावं तसं.

"लहानपणापासून थोडी अशीच आहे," मी म्हणालो. "शांत."

"शांत? लग्न ठरलं तेव्हा किती बडबडायची."

"ते तेवढ्यापुरतं."

 मग त्याने मान हलवली, माझ्यावर विश्वास ठेवून. "बरं झालं विचारलं. मी तिला इथे पाठवत नाही मग. राहू दे माझ्याकडे." त्याने अंगणाकडे पाहिलं. मांडवाचे बांबू अजून काढले नव्हते. "पाणी दे रे जरा. घसा सुकलाय."

मी आत गेलो. मडक्यातून पेला भरला. पाणी स्वच्छ होतं, गार होतं, त्यात काही नव्हतं. बाहेर येऊन त्याच्या हातात दिला.

तो एका दमात प्यायला. "गोड आहे पाणी तुमच्या विहिरीचं," तो म्हणाला.

त्याने आणखी एक पेला मागितला. मी आणून दिला.